बंद चावीवर फिरलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. चार माणसांचे, छताला पंख असलेले, नाकात चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवलेले. माझ्या डाव्या पंखावर ठिगळे दिसतात म्हणून मुले विचारतात, तुला लढाईत गोळ्या लागल्या होत्या का? नाही. ते घाव कुऱ्हाडीचे आहेत आणि ते मला एका बाईने घातले. तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. त्याच्या तीन आठवडे आधी माझ्या नाकावरच्या पंख्याने तिच्या नवऱ्याचा हात तोडला होता. आणि तिचा नवरा दिंको हा मला सगळ्यात जास्त जपणारा माणूस होता.

माझा जन्म महासागरापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसांनी पत्र्यावर पत्रा ठेवून हजारो रिवेट ठोकले आणि मला आकार दिला. पहिली वीस वर्षे मी इटलीतल्या एका उड्डाणशाळेत काढली. शिकाऊ पोरे मला जमिनीवर आपटत. एकदा तर माझे पुढचे चाक मोडले आणि मी नाकाने धावपट्टी उकरत गेलो. पुढे शाळा बंद पडली. मला कुंपणाकडे ढकलून दिले गेले आणि तिथे नऊ वर्षे माझ्याकडे कोणी पाहिले नाही. चाकांतली हवा गेली, काटेरी झुडपे पोटापर्यंत वाढली, उंदरांनी पंखात घरटी केली. उंदरांचे मूत पत्रा खाते, मित्रांनो. हळूहळू खाते आणि बाहेरून दिसत नाही.

तिथे मला दिंकोने पाहिले. तो दाल्मेशियाच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या आमच्या बेटावरचा. बेटावरून समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लित शहराला जाणाऱ्या बोटीच्या इंजिनावर तो कामाला होता आणि तरुणपणी फौजेत विमाने दुरुस्त करायला शिकला होता. त्याच्याबरोबर लुक्शा होता. लुक्शा स्प्लितमध्ये दातांचा डॉक्टर. दोघे एकाच गल्लीत वाढलेले, एकाच माणसाच्या बागेतले अंजीर चोरून एकाच काठीचा मार खाल्लेले. दोघांनी मिळून मला घेतले. लुक्शाने उडवायचे, दिंकोने सांभाळायचे, असे ठरले.

माझे पंख सोडवून, मला ट्रकवर घालून, त्यांनी बोटीतून बेटावर आणले. धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारले की हे मेलेले गाढव कुठून उचलून आणले. तेव्हापासून गाव मला गाढवच म्हणते. आमच्या बेटावर ही शिवी नव्हे. इथल्या गाढवांनी पिढ्यानपिढ्या दगड वाहिले, ऑलिव्ह वाहिले, आजारी माणसे वाहिली.

दिंकोने मला दोन वर्षे उघडून ठेवले आणि मग पुन्हा जोडले. त्याचे हात मला पाठ आहेत. उड्डाणाआधी तो माझ्या पंखाखालून पेलाभर पेट्रोल काढून उन्हात धरायचा आणि तळाशी पाणी दिसते का ते बघायचा. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर तो ऑइल बदलायचा, जुनी गाळणी कापून तिचा कागद पसरायचा आणि त्यात धातूचे कण चमकतात का ते शोधायचा. स्पार्क प्लग काढून त्यावरच्या काजळीचा रंग वाचायचा. एक हिरवी नोंदवही दाराच्या खिशात असे. "दिसलं की लिही," एवढेच तो लुक्शाला सांगायचा. लुक्शा हसायचा. म्हणायचा, "मी दाढ उपटतो तेव्हा पेशंटकडून सही घेतो का रे?"

लुक्शा वाईट वैमानिक नव्हता. त्याचा हात हलका होता आणि नजर तीक्ष्ण होती. फक्त लिहायचा त्याला कंटाळा.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. लुक्शाने मला बेटावरून एक चक्कर मारून आणले. इंजिन बंद करण्याआधी एक तपासणी करायची असते. इंजिन हळू चालत असताना चावी क्षणभर बंदवर न्यायची आणि इंजिन मरू लागते का ते ऐकायचे. इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. चावी बंद केली की एका वायरमधून त्यांची ठिणगी जमिनीत मुरल्यासारखी मुरून जाते. ती वायरच तुटली तर चावी बंद असो की खिशात असो, मॅग्नेटो जागाच राहतो. पंखा हाताने फिरवला तरी ठिणगी पडते.

त्या रविवारी चावी बंद झाली आणि इंजिन चालूच राहिले. लुक्शाने पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच.  मग त्याने पेट्रोल तोडणारी लाल मूठ ओढली आणि मी थांबलो. त्याचा हात दाराच्या खिशाकडे गेला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण वहीत पेन नव्हते. चारची बोट सुटायला वीस मिनिटे होती आणि दिंको सासुरवाडीला जेवायला गेला होता. संध्याकाळी फोन करू, असे लुक्शा स्वतःशीच बोलला. सोमवारी त्याच्या दवाखान्यात गर्दी होती. मंगळवारी तो विसरला.

गुरुवारी पहाटेपासून बुरा सुरू झाला. मुख्य भूमीवरच्या डोंगरांतून थंड हवा समुद्राकडे कोसळते तिला आमच्याकडे बुरा म्हणतात. तो सरळ वाहत नाही, ठोसे मारतो. मध्येच अगदी शांत होतो आणि मग असा धडकतो की छपरांवरचे धोंडे घरंगळतात. सकाळची पहिली बोट कशीबशी आली आणि त्यानंतर बोटी बंद झाल्या. त्या पहिल्या बोटीने लुक्शा आला होता, आईच्या ऑलिव्हची छाटणी करायला.

दिंकोने विचार केला की आता चार दिवस उडायचे नाही, तर ऑइल बदलून घेऊ. गरम ऑइल पूर्ण निथळते, म्हणून आधी इंजिन थोडे चालवायला हवे. त्याने मला गवताच्या धावपट्टीकडेच्या शेडच्या आडोशाला उभे केले आणि चाकांपुढे अडणीचे ठोकळे लावले. हातपंपाने सिलिंडरांत थोडे पेट्रोल सोडले. चावी बंद होती. त्याने ती काढून उजव्या खिशात टाकली. थंडीत ऑइल मधासारखे घट्ट होते, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने चार वेळा फिरवायची त्याची सवय होती.

लुक्शा शेताच्या बांधावरून येत होता. दिंकोचा हात पात्यावर पाहिला आणि त्याला रविवार आठवला. तो ओरडत पळत सुटला. बुऱ्याने त्याचा आवाज उचलून समुद्राकडे नेला.

एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला माझ्या आत ठिणगी पडली.

मी ते थांबवू शकत नव्हतो. पेट्रोल होते, हवा होती, ठिणगी होती. इंजिनाला हात कोणाचा आहे हे कळत नाही. एक सिलिंडर पेटले, मग दुसरे, पाते फिरून आले आणि दिंकोच्या कोपराखाली बसले. लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. दिंको मागे फेकला गेला, शेडच्या भिंतीवर आदळला आणि खाली बसला. पंखा आणखी दोनतीन गिरक्या घेऊन थांबला, तोवर माझ्या काचेवर रक्ताचा शिंतोडा उडाला होता. त्याचा पंजा मनगटासकट कातडीच्या पट्टीवर लोंबत होता. तो त्याच्याकडे असे बघत होता की जणू दुसऱ्याच कोणाचा आहे.

लुक्शा पोचला. त्याने कमरेचा पट्टा काढून दिंकोच्या दंडाला आवळला. 

गावच्या डॉक्टर नेवेन्काबाई आल्या. त्यांच्यामागोमाग दिंकोची बायको येर्का आली, हाताला पीठ लागलेले तसेच. नेवेन्काबाईंनी पट्टा सोडवून रक्त थांबवणारी पट्टी नीट आवळून बांधली, सुई टोचली आणि उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की दोन तासांत ऑपरेशन झाले नाही तर हाताचे सोडा, माणूसच राहणार नाही. फोन झाले. बोट निघणार नव्हती. सुटकेचे हेलिकॉप्टर अशा वाऱ्यात उठणार नव्हते.

"मी नेतो," लुक्शा म्हणाला.

येर्का त्याच्यावर धावून गेली. तिने त्याची कॉलर धरून त्याला शेडच्या दारावर दाबले. "या यंत्राने त्याचा हात खाल्ला आणि तू त्याला त्याच्यातच घालून समुद्रात बुडवणार?"

तेव्हा दिंको बोलला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. "येर्का, सोड त्याला. इंजिन चांगलं आहे. मीच बांधलंय ते. लुक्शा, पात्याला काही झालंय का बघ."

लुक्शाने रुमालाने रक्त पुसले आणि पात्याच्या कडेवरून बोट फिरवत नेले. पाते धड होते. मग त्याला दिंकोच्या उजव्या खिशात हात घालून चावी काढावी लागली. 

दिंको मागे आडवा व्हायला तयार होईना. मागून घड्याळे दिसत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याला पुढच्या उजव्या जागेवर बांधले, नेवेन्काबाई मागे बसल्या. मला आडोशातून बाहेर काढले तेव्हा बुऱ्याने माझा डावा पंख उचलला. गावातले आठ जण पंखांच्या आधारदांड्यांना लोंबकळले. त्यांत धक्क्यावरचे दोन म्हातारेही होते. एक जण फेकला गेला, गवतावर घसरत जाऊन भिंतीला लागला आणि उठून परत येऊन लटकला. लुक्शाने इंजिन पूर्ण जोरावर आणले, खूण केली, सगळ्यांनी एकदम हात सोडले. पन्नास पावलेही धावलो नसेन, वाऱ्याने मला हिसका मारून वर घेतले.

एरवी हा प्रवास पंधरा मिनिटांचा. त्या दिवशी पस्तीस लागली. मी पुढे जात होतो की जागीच मार खात होतो हे खालच्या पांढऱ्या लाटांकडे बघून कळत नव्हते. एका झोताने मला कुशीवर पाडले, लुक्शाचे डोके खिडकीवर आपटले आणि भुवई फुटली. लगेच पायाखालची हवाच गेली, आम्ही कोसळलो, मागे नेवेन्काबाई पट्ट्यातून वर उचलल्या जाऊन छताला लागल्या. माझे रिवेट किंचाळत होते. पंखाच्या मुळाशी, जिथे उंदरांनी खाल्लेला पत्रा दिंकोने बदलला होता, तिथे सगळा भार येत होता. तो जोड टिकला.

दिंको डाव्या हाताने पुढची कड धरून वेग वाचून दाखवत होता. "नव्वद. पंच्याऐंशी. नाक खाली घे." मध्येच त्याने विचारले, अगदी हळू, "तुला ठाऊक होतं?"

लुक्शाच्या फुटलेल्या भुवईचे रक्त डोळ्यात ओघळत होते. "रविवारपासून," तो म्हणाला.

दिंकोची मान खाली झुकली. मला वाटले त्याची शुद्ध गेली. मग तो म्हणाला, "खाली उतरल्यावर बोलू. ऐंशी झालेत. नाक खाली घे, लेका."

विमानतळ वाऱ्यामुळे बंद होता. रेडिओवरच्या बाईने परत जायला सांगितले. लुक्शाने सांगितले की माझ्या शेजारी माणूस रक्ताने भिजलाय, परत कुठे जाऊ. मग ती शांतपणे वाऱ्याचे आकडे देऊ लागली. नशिबाने वारा पट्टीच्या सरळ रेषेत होता. मी पहिल्यांदा टेकलो तो उजव्या चाकावर. झोताने पुन्हा उचलले, पुन्हा आपटले, टायर फुटला. अग्निशामक दलाच्या दोन गाड्या धावत येऊन वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आणि माणसे माझे पंख दाबून धरायला त्यांवर पडली. लुक्शाने सवयीने चावी बंद केली. इंजिन चालूच राहिले. पंख्याजवळ माणसे होती. दिंकोने डाव्या हाताने लाल मूठ ओढली आणि मग मान टाकली.

तो वाचला. हात गेला, कोपराखाली चार बोटांच्या रुंदीएवढाच राहिला.

नेवेन्काबाईंनी हवेतले बोलणे कोणाला सांगितले नाही. दिंकोनेही नाही. दिंकोला वाचवणारा म्हणून गावात लुक्शाचे नाव झाले होते. धक्क्यावर त्याला कोणी पिण्याचे पैसे देऊ देईना. तीन आठवडे त्याने ते सहन केले. टायर आणि वायर स्प्लितमध्ये दुरुस्त करून त्याने मला बेटावर परत आणले, आणि तसाच येर्काच्या घरी गेला. ती सकाळी चुलीजवळ होती. त्याने उभ्यानेच सगळे सांगितले. रविवार, चावी, न सापडलेले पेन, चारची बोट.

 तिने ऑलिव्ह तोडायची कुऱ्हाड घेतली आणि माझ्याकडे आली. पहिला घाव काचेवर, दुसरा दारावर, मग डाव्या पंखावर एकामागून एक. मी पत्रा फाटण्याचा आवाज ऐकत होतो आणि तिचा श्वास ऐकत होतो. लुक्शा तिच्यामागून आला होता, तो दहा पावलांवर उभा राहिला. त्याने तिला अडवले नाही. पंखातून पेट्रोल वाहू लागले तेव्हा ती वळली आणि तिने कुऱ्हाड त्याच्यावर फिरवली. शेवटच्या क्षणी तिने पाते उलटे केले. बोथट बाजू त्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडले. तो गुडघ्यांवर खाली आला.

"हात वर कर," ती म्हणाली. त्याला उजवा हात वर करता आला नाही. "आता कळलं?" ती म्हणाली आणि कुऱ्हाड तिथेच टाकून गेली.

दिंको घरी आला तेव्हा एप्रिल होता. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, प्रत्येक घावात डावे बोट घालून पाहिले. मग लुक्शाला निरोप धाडला, शनिवारी सकाळी ये.

मित्रांनो, त्यांनी एकमेकांना मिठी मारली असे मी सांगितले असते, पण तसे झाले नाही. दिंकोने त्याला पाना दिला आणि कामाला लावले. दोन वर्षे दर शनिवारी. दिंको पत्र्यामागे लोखंडाचा ठोकळा डाव्या हाताने धरायचा, लुक्शा पुढून रिवेट ठोकायचा. एक जरी वाकडा गेला तरी दिंको पूर्ण रांग काढायला लावायचा. एकदा त्याने चाळीस रिवेट तीन वेळा काढवले, आणि चौथ्या वेळी लुक्शाने हातोडी भिंतीवर फेकली. दिंको त्याच्या अंगावर गेला. दोघे जमिनीवर लोळले, पन्नाशीचे दोन पुरुष, एकाला हात नाही, एकाचा खांदा धड नाही, एकमेकांना जमेल तिथे मारत. दिंकोचे नाक फुटले. लुक्शाचा दात पडला. मग दिंको धापा टाकत म्हणाला, "आता स्वतःचा उपट." लुक्शा रडायला लागला. दिंकोने त्याला रडू दिले. त्यानंतर त्यांनी ती रांग पाचव्यांदा बसवली आणि ती सरळ आली.

मी पुन्हा उडालो त्या दिवशी हवा स्वच्छ होती. लुक्शा एकटाच फिरून आला. उतरलो तर पट्टीच्या कडेला येर्का उभी होती, चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालून. ती आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. लुक्शाशी दोन वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. तिने दार उघडले आणि शेजारी बसली.

"त्याला नेलंस त्याच वाटेने ने," ती म्हणाली.

आम्ही गेलो. समुद्र काचेसारखा पडला होता. मी एकदाही हललो नाही. ती आधी खाली बघत होती, मग डोंगराकडे, मग लुक्शाच्या कपाळावरच्या व्रणाकडे. पंधराव्या मिनिटाला विमानतळाची पट्टी दिसू लागली.

"एवढंच?" तिने विचारले.

"त्या दिवशी एवढंच नव्हतं," लुक्शा म्हणाला.

"भीती वाटली होती तुला?"

"उडायची नाही. उतरल्यावर तो जिवंत असला तर माझ्याशी काय बोलेल, त्याची."

ती पट्टीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "परत फिरव. तो जेवायला थांबलाय. तूही ये. मासे पुरतील." त्यानंतर दर शनिवारी लुक्शाचे ताट त्या घरात असते. ती त्याच्याशी फार बोलत नाही. पण वाढते.

मी आता म्हातारा झालो आहे. माझी ठिगळे उन्हात चमकतात, इंजिन सकाळी थोडे कुरकुरते. मला चकचकीत रंग नको, मित्रांनो, कौतुकही नको. एवढेच मागणे आहे. सायकलचा ब्रेक असो, घरातली उघडी पडलेली वायर असो, शाळेतला हलणारा बाक असो, बिघडलेले तुमच्या नजरेला पडले तर पेन शोधत बसू नका, संध्याकाळची वाट पाहू नका. तुमच्यानंतर तिथे ज्याचा हात पडणार आहे, त्याला आधी जाऊन सांगा.